गेटवरचे दोनशे चौदा

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. किती जुना, ते मला हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या अर्ध्या अंगावर काच आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर बटणं. पस्तीस बटणं, आणि प्रत्येक बटण मधोमध किंचित उचललेलं. तुमच्या घरातल्या गुळगुळीत फोनांपुढे मी ओबडधोबड दिसतो हे मला ठाऊक आहे. हसायचं असेल तर आताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

बंगळूरला, मल्लेश्वरममधल्या एका घरात, टेबलाच्या खालच्या खणात मी नऊ वर्षं पडून होतो. शेजारी एक बंद पडलेलं घड्याळ आणि कुठल्या कुलपांच्या हे कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या. ते घर सुलभाचं. सुलभा माझी मालकीण. तिने एकदा एक वाक्य लिहिलं आणि माझ्याच बटणाने ते पुसून टाकलं. त्या वाक्यावर एका माणसाचं घर अवलंबून होतं. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नाही.

माझ्या कंपनीचं नाव टॅलमोर. तुम्ही ते ऐकलंही नसेल. पण एके काळी बँकेचे साहेब, मोठे डॉक्टर, वकील, विमानतळावर धावणारी माणसं, सगळ्यांच्या हातात आम्हीच होतो. आमच्या डोक्यावर एक हिरवा दिवा असे. निरोप आला की तो लुकलुकायचा, आणि चारचौघांत तो लुकलुकला की माणूस उगाच जरा ताठ बसायचा. कंपनीचं एक मोठं ऑफिस व्हाइटफील्डला होतं. तिथल्या प्रयोगशाळेत सुलभा बटणं तपासायची. तिथे एक लोखंडी बोट होतं. ते दिवसभर एकच बटण दाबत राहायचं, लाख वेळा, दोन लाख वेळा. ते झालं की सुलभा स्वतःचा अंगठा ठेवायची, डोळे मिटायची आणि ऐकायची. बटण 'टक्' वाजलं तर पास, 'टप्' वाजलं तर परत. माझी पस्तीसच्या पस्तीस बटणं तिने अशी पास केली. पुढे ऑफिसकडून फोन फुकट मिळत असताना तिने मला दुकानातून विकत घेतलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा दिवस.

घरी तिचे वडील होते, सत्यनारायणराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत. हे घराणं चार पिढ्यांपासून बंगळूरचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेली, भाकरीत मीठ मिसळावं तशी. अण्णांची सारी नोकरी सरकारी टेलिफोन कारखान्यात झाली होती. त्यांनी मला तळहातावर तोललं, दोन-चार बटणं दाबून पाहिली.

"वजन बरं आहे. बटणबी चांगलं बसतंय," ते म्हणाले. "पण सुलू, स्वल्प ऐक. आमच्या काळात फोनसाठी लोक आठ-आठ वर्षं नंबर लावून बसायचे. आम्हाला वाटायचं, आमचा फोन लोकांना लई आवडतो. मग दुसरे फोन आले आणि सगळी रांग मोडली. आवडत नव्हता ग. दुसरा मिळत नव्हता, एवढंच."

"आमचं तसं नाही, अण्णा," सुलभा म्हणाली.

"सरी, सरी, बरं बाई," म्हणत अण्णांनी मला परत तिच्या हातात दिलं. मला त्यांचा रागच आला होता. म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे आपलंच दुखणं दिसतं, असं मला वाटलं.

आता ऑफिसच्या गेटची गोष्ट सांगतो. दुसऱ्या कंपनीचा फोन आत न्यायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम होता. देवळाबाहेर चपला ठेवायला असतं तसं एक लाकडी कपाट गेटवर होतं. त्याला साठ खण. बाहेरचा फोन खणात ठेवायचा, पितळी बिल्ला घ्यायचा आणि जाताना बिल्ला देऊन फोन परत न्यायचा. हे काम वेणुगोपालकडे होतं. तो कंपनीचा माणूस नव्हता, ठेकेदाराने पाठवलेला पहारेकरी होता. बायको आणि मुलगी कोलारजवळच्या गावी, आणि तो इथे इतर तीन पहारेकऱ्यांबरोबर एका खोलीत. बायको, मुलगी आणि आपण अशा तिघांनी एका छपराखाली राहावं, एवढी एकच इच्छा तो बाळगून होता. मुलीचं नाव रूपश्री. तिचा पहिला दात पडला, ती पाढे म्हणायला लागली, हे सगळं सुलभा गेटवरच्या वहीत सही करत असताना तो तिला सांगायचा. दोघं कन्नडमध्ये बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे.

सुरुवातीला त्या कपाटात पाच-सहा फोन असत, तेही पाहुण्यांचे. सुलभा सही करताना मला टेबलावर ठेवायची, तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचो. काचेचे, बिनबटणांचे. मला त्यांची दया यायची. आंधळ्या माणसाने यांच्यावर नंबर कसा लावावा, असं मी मनात म्हणायचो. मग हळूहळू कपाट भरायला लागलं. पाहुणे वाढले नव्हते. आमचीच माणसं होती. एका खिशात कंपनीचा फोन, दुसऱ्या खिशात स्वतःचा. आधी ती लाजत, हेल्मेटमधून, डब्याच्या पिशवीतून हळूच काढून देत. पुढे लाजणंही संपलं. खण पुरेनात म्हणून वेणुगोपाल दोन-दोन, तीन-तीन फोन रबर लावून एकत्र ठेवू लागला. संध्याकाळी माणसं घाईघाईने बिल्ला पुढे करत, फोन हातात येताच काचेवर बोट फिरवत आणि त्यांचा चेहरा मोकळा होई. माझ्याकडे बघताना एके काळी असेच चेहरे होत असत.

सकाळी गेटवर रांग लागून लोकांना उशीर होतो, अशी तक्रार वर गेली. वरच्या साहेबांनी ताबडतोब सुतार बोलावला आणि साठ खणांचं कपाट तीनशे खणांचं करून घेतलं. नवं कपाट छान होतं, पॉलिश केलेलं. रांग का लागते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्याच महिन्यात परदेशातल्या मुख्य ऑफिसातून प्रश्न आला. लोकांना बटणं हवीत की काच? उत्तर शोधायचं काम सुलभाकडे आलं. आता लोक म्हणजे कोण? रस्त्यावर जाऊन विचारायला वेळ नव्हता, तेव्हा ऑफिसातल्याच सातशे जणांना कागद वाटले. टॅलमोरच्या नोकराने टॅलमोरच्या कागदावर दुसरं काय लिहावं? शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी लिहिलं, बटणं. सुलभा आनंदाने तो आकडा घेऊन निघाली, तेव्हा वेणुगोपालने तिला थांबवलं.

"मॅडम, एक सांगू का? सकाळपासून मोजतोय. आज कपाटात दोनशे चौदा फोन आहेत. सगळे आपल्या लोकांचे. मागच्या दिवाळीला चाळीस होते. कुणी विचारत नाही, पण कुणालातरी सांगावं असं वाटलं."

सुलभा घरी जायच्या कॅबमध्ये बसली आणि माझ्यावर पत्र लिहायला लागली. बाहेर वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिने चौऱ्याण्णवचा आकडा लिहिला. मग थांबली. मग खाली एक वाक्य लिहिलं: 'परंतु याच कर्मचाऱ्यांचे दुसऱ्या कंपन्यांचे दोनशे चौदा फोन आज आपल्या गेटवर जमा आहेत, याचा विचार व्हावा.' एकही बटण चुकलं नाही. तेवढ्यात तिच्या साहेबांचा, ध्रुव सरांचा फोन आला. ते पुण्याचे. सुलभाने त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

"सुलभा, तो गेटचा पॉइंट काढ," ध्रुव सर म्हणाले. "सिक्युरिटी गार्डने मोजलेला डेटा आपण हेड ऑफिसला पाठवायचा? लोक हसतील. सर्व्हे क्लीन आलाय, क्लीनच जाऊ दे. आणि सगळ्यांचे जॉब्ज या कीबोर्डवर आहेत, तुझा पण."

फोन बंद झाला. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला वाटतं तिला माझी कीव आली. तिने पुसायचं बटण दाबलं. टक्. आणखी एकदा. एकेक अक्षर मागे जात राहिलं, आणि शेवटी चौऱ्याण्णव तेवढे उरले. ते बटण तिनेच पास केलेलं होतं. ते अडकलं असतं, बिघडलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण आम्ही टॅलमोरचे फोन पक्के.

आठवड्याने वेणुगोपाल पुन्हा गेटवर तिच्याजवळ आला. मल्लेश्वरमच्या एका शाळेत पहारेकऱ्याची कायमची जागा निघाली होती. शाळेच्या आवारातच दोन खोल्या मिळणार होत्या, आणि रूपश्रीला त्याच शाळेत घेणार होते. दोन दिवसांत कळवायचं होतं. पण इथल्या सुपरवायझरनेही त्याला सांगितलं होतं की थांबलास तर कंपनी तुला स्वतःकडे घेईल.

"तुम्ही आतली माणसं, मॅडम. तुम्हाला कळतं. जाऊ की राहू?"

सुलभाच्या हातात मी होतो. तिची पकड घट्ट झाली. खरं उत्तर द्यायचं तर तिला ते पुसलेलं वाक्य पुन्हा तोंडाने म्हणावं लागलं असतं.

"कंपनी कुठं जात नाही, वेणुगोपाल," ती म्हणाली. "राहा तुम्ही."

तो राहिला.

पुढची दीड वर्षं मी फार सांगत नाही. आमची दुकानं बंद झाली, आमच्या जाहिराती बंद झाल्या. विमानतळावर माझा हिरवा दिवा लुकलुकला की लोक आता कौतुकाने नाही, गमतीने बघायचे. एका शुक्रवारी व्हाइटफील्डचं ऑफिस बंद झाल्याचा निरोप आला, आणि तो निरोपही आमच्याच दिव्याने दिला. ऑफिसातल्या माणसांना पत्रं मिळाली, काही महिन्यांचा पगार मिळाला. ठेकेदाराच्या माणसांना दोन दिवसांची मुदत मिळाली.

शेवटच्या दिवशी कंपनीचे फोन गेटवर जमा करायचे होते. माणसं आली. त्यांनी कपाटातून आपापले काचेचे फोन काढून घेतले आणि रिकाम्या झालेल्या खणात आम्हाला ठेवलं. माझी सगळी भावंडं त्या तीनशे खणांत बसली, आणि कुणाकुणाचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. मी सुलभाने विकत घेतलेला, म्हणून तिच्या पर्समध्ये राहिलो. वेणुगोपाल कपाटापाशी उभा होता. त्याने कुणालाच बिल्ला दिला नाही, कारण परत न्यायला कुणी येणार नव्हतं. सुलभाने त्याच्याकडे पाहिलं नाही. शाळेतली जागा तोवर कधीच भरली होती.

त्या दिवशी घरी अण्णांनी कॉफी करून सुलभापुढे ठेवली आणि शेजारी बसून राहिले. अण्णांवर आलेला माझा राग त्या दिवशी गेला.

मग निरोप पाठवायची आमची सोयही बंद झाली आणि मी खणात गेलो. नऊ वर्षं अंधार होता. सुलभाला व्हाइटफील्डलाच दुसरी नोकरी लागली. घरात सुलभाची लेक यशश्री आली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, हे मी खणाच्या फटीतून ऐकलं. या पावसाळ्यात शाळेने मुलांना घरातली जुनी वस्तू आणायला सांगितली, तेव्हा यशश्रीने खण उपसला आणि मला चार्जरला लावलं. माझा हिरवा दिवा लागला! माझा मलाच विश्वास बसेना.

आता माझी एक सवय तुम्हाला सांगायला हवी. पत्र लिहिताना मध्येच कुणाचा फोन आला की तोवर लिहिलेलं मी आपोआप जपून ठेवत असे. त्या सवयीची कंपनीने मोठी जाहिरात केली होती. सुलभाने वाक्य पुसलं ते फोन झाल्यावर. त्याआधीचं पत्र माझ्या पोटात तसंच होतं.

"आई, गेटवर दोनशे चौदा फोन म्हणजे काय ग?" ते वाचून यशश्रीने विचारलं.

सुलभा बीन्स निवडत होती. ती ताट बाजूला ठेवून खाली जमिनीवर बसली. तिने लेकीला सगळं सांगितलं, शाळेच्या दोन खोल्यांसकट.

"मग ते काका आता कुठे आहेत?"

"व्हाइटफील्डलाच. एका अपार्टमेंटच्या गेटवर असतात. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे ते."

"मग तू भेटतेस त्यांना?"

"नाही," सुलभा म्हणाली. "गाडी त्या वळणावर आली की मी मोबाइलमध्ये बघत बसते. सात वर्षं झाली."

रविवारी दोघी मेट्रोने निघाल्या, मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि शेवटच्या स्टेशनला उतरल्या. मी यशश्रीच्या हातात होतो. वेणुगोपाल गेटजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते.

"मला ओळखलंत का?" सुलभाने विचारलं.

"न ओळखायला काय झालं, मॅडम? पांढरी गाडी, सव्वानऊला जाते. तुम्ही डाव्या खिडकीशी बसता."

सुलभाने मला यशश्रीच्या हातातून घेतलं. मग तिने मला त्याच्यापुढे धरलं आणि ते वाक्य कन्नडमध्ये वाचून दाखवलं.

"तुम्ही मोजलेलं मी लिहिलं होतं, आणि मीच पुसलं. मला सगळं दिसत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. शाळेतली ती जागा माझ्यामुळे गेली, वेणुगोपाल. मला क्षमा करा."

एक गाडी आली. वेणुगोपाल उठला, गेट उघडलं, गाडीचा नंबर वहीत लिहिला आणि परत येऊन बसला.

"आकडा चुकलाय, मॅडम," तो म्हणाला. "दोनशे पंधरा होते."

"तुम्हीच मला दोनशे चौदा सांगितले होते."

"तुमचा मी मोजला नव्हता."

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायला हवी. मघापासून मीही एक वाक्य तुमच्यापासून लपवलं आहे. वेणुगोपालने फोन मोजले त्या सकाळी सुलभाच्या डब्याच्या पिशवीत एक काचेचा फोन होता. माझ्या शेजारीच. चार दिवस आधी तिने तो घेतला होता, आणि त्या काचेवर बोट फिरवताना तिचा चेहराही मोकळा झालेला मी पाहिला होता. पिशवी तपासली गेली, तेव्हा वेणुगोपालने तो फोन काही न बोलता सगळ्यात शेवटच्या खणात ठेवला आणि नोंद राहू नये म्हणून बिल्ला दिला नाही. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. सांगवलं नाही. तिने कीव येऊन माझ्यासाठी वाक्य पुसलं, असं मानणं मला बरं वाटत होतं. तिने लाजेने पुसलं होतं.

"कपाट मी रोज बघत होतो," वेणुगोपाल सांगत होता. "हे संपलं, हे डोळ्यांना दिसत होतं. तुमचा फोन ठेवला तेव्हा तर खात्रीच झाली. तरी तुम्ही राहा म्हणालात, म्हणून राहिलो. शिकलेल्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं वाटलं. चूक माझीपण आहे. मी माझ्या मोजण्यावर विश्वास ठेवला नाही."

"रूपश्री कशी आहे?" सुलभाने हळूच विचारलं.

"कोलारला नर्स आहे. चांगली आहे. मोठी कशी झाली, ते मी सणासुदीला बघितलं."

क्षमा केली, असं तो म्हणाला नाही. त्याने मला हातात घेतलं, अंगठ्याने एक बटण दाबून पाहिलं. टक्. मग मला सुलभाकडे दिलं. सुलभाने त्याच्यादेखत ते वाक्य उघडलं, 'चौदा' पुसलं आणि 'पंधरा' लिहिलं. बारा वर्षांनी लिहिलेल्या त्या खऱ्या आकड्याला आता पाठवायला जागा नव्हती. ज्या ऑफिसला ते पत्र जायचं होतं, ते आता नाही.

यशश्रीच्या शाळेतून मी परत आलो आहे. खणात नाही, टेबलावर असतो. सुलभा आता त्या वळणावर मोबाइल पर्समध्ये ठेवते आणि खिडकीतून हात करते. वेणुगोपाल कधी हात करतो, कधी वहीत लिहीत असतो.

मित्रांनो, आम्ही टॅलमोरचे फोन पक्के होतो. उंचावरून पडलो तरी फुटलो नाही, दोन लाख वेळा दाबले तरी अडकलो नाही. आमच्या गेटवर उभा असलेला एक माणूस रोज खरं मोजत होता आणि आम्ही त्याच्यासाठी कपाट मोठं करून दिलं. तुम्ही मोठे व्हाल, आत बसाल. गेटवरचा माणूस काही सांगायला आला तर त्याचं ऐकून घ्या. आणि घरातला जुना फोन खणात टाकण्यापूर्वी एकदा उघडून बघा. त्यात तुम्ही पुसलेलं एखादं वाक्य असेल, आणि ते ज्याला सांगायचं होतं तो माणूस कदाचित अजून तुमच्या वाटेवर बसला असेल.